पिकविकचा पहिला चित्रकार

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाचे चार्ल्स डिकन्सशी काय नाते, असे कुणीही विचारील. आमचे नाते पंडित रतननाथ सरशार यांच्यामार्फत जुळले. उर्दू घेऊन बी. ए. करताना ‘फसाना-ए-आझाद’ अभ्यासाला होता. १८७८ पासून लखनौच्या ‘अवध अखबार’मध्ये तो हप्त्याहप्त्याने छापला गेला, आणि त्याच्यावर ‘डॉन किहोते’ व ‘पिकविक पेपर्स’ यांची छाया आहे, हे गाइडातले ठरलेले वाक्य. ते वाक्य आम्ही दोन परीक्षांत लिहिले आणि त्याचे गुणही घेतले. ‘पिकविक’ मात्र उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. बी. एड. झाले, नोकरी लागली, आणि मग कधी तरी जुन्या पुस्तकांच्या हातगाडीवर तो जाडजूड ग्रंथ सापडला, तोही मूळ चित्रांसकट.

वाचायला बसलो आणि चित्रांपाशीच अडलो. सरशारांचा खोजी आम्ही ज्या प्रतीत वाचला तिच्यात चित्र नव्हते. ठेंगणा, अफूबाज, बढाईखोर, उठल्यासुटल्या आपली करौली मागणारा हा गडी ज्याने त्याने आपल्या मनात उभा करायचा. आमचा खोजी आमच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्यासारखा दिसतो, तुमचा आणखी कुणासारखा दिसत असेल. पिकविकचे तसे नाही. टक्कल, गोल चष्मा, पुढे आलेले पोट, घट्ट विजार आणि पायांवर गेटर्स. हा माणूस यापेक्षा वेगळा दिसूच शकत नाही, असे वाटते. आम्हांला प्रश्न पडला तो एवढाच, की हे शरीर त्याला दिले कुणी?

उत्तर शोधताना जी हकीगत हाती आली, ती आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हती. म्हणून हा लेख.

रॉबर्ट सेमूर हा लंडनचा चित्रकार. तेव्हाच्या अर्थाने तो फ्रीलान्सच होता, म्हणजे आज या प्रकाशकाचे काम, उद्या त्या साप्ताहिकाचे. ऐन तारुण्यात तैलचित्रे काढून पाहिली, १८२२ मध्ये रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात चित्र लागले, पण घर चालेना, म्हणून छापील चित्रांकडे वळला. ‘फिगारो इन लंडन’ या विनोदी साप्ताहिकासाठी तो व्यंगचित्रे काढी. संपादकाने पैसे थकवले म्हणून १८३४ मध्ये त्याने काम सोडले, तर त्याच संपादकाने त्याच साप्ताहिकातून त्याची टिंगल केली. संपादक बदलल्यावर सेमूर परत आला. हे मुद्दाम सांगतो, कारण या माणसाला घाईची सवय नव्हती असे कुणी समजू नये. आठवड्याला चित्र देणे हा त्याचा रोजचा धंदा होता. घाई त्याला नवी नव्हती.

१८३५ च्या अखेरीस, १८३६ च्या सुरुवातीस त्याने चॅपमन अँड हॉल या प्रकाशकांपुढे एक कल्पना ठेवली. शहरी हौशी मंडळींचा एक ‘निम्रॉड क्लब’, त्यांची शिकार, मासेमारी, आणि त्यात उडणारी फजिती. दर महिन्याला चार चित्रे, आणि चित्रांना जोडून थोडा मजकूर. कल्पना सेमूरची, चित्रे सेमूरची. मजकूर लिहायला कुणी तरी स्वस्तात हवा होता. दोघा-तिघांचा विचार झाल्यावर चोवीस वर्षांच्या एका बातमीदाराला विचारण्यात आले. महिन्याला चौदा पौंड ठरले. तो डिकन्स. पहिल्या अंकांच्या वेष्टनावर ‘बॉझ’ या टोपणनावापुढे ‘संपादक’ एवढेच लिहिले होते, आणि चित्रे सेमूरची हे वेगळे सांगितले होते.

त्याच डिकन्सने पुढे, १८४७ च्या प्रस्तावनेत, स्वतःच लिहून ठेवले आहे की आपण ही योजना जशीच्या तशी घेतली नाही. आपल्याला शिकारीत गती नाही, कल्पनाही जुनीच आहे, आणि चित्रे मजकुरातून उगवली तर ते फार बरे, असे आपण प्रकाशकांना सांगितले. प्रकाशकांनी ऐकले. हा या सगळ्या प्रकरणाचा कळीचा मुद्दा आहे. कादंबरीचा एक शब्द छापला जाण्यापूर्वी काम उलटे झाले होते. ज्याने ऑर्डर आणली तोच आता ऑर्डर घेणारा झाला. मासेमारी-शिकारीचा शौकीन मिस्टर विंकल तेवढा सेमूरसाठी म्हणून कथेत ठेवला गेला, हेही डिकन्सनेच लिहिले आहे. घरातल्या थोरल्या माणसाला ओसरीवर एक खाट टाकून द्यावी, तसे आम्हांला ते वाटले.

आता चित्रांकडे वळू. पहिले चित्र क्लबमध्ये भाषण करणाऱ्या पिकविकचे आहे. तो खुर्चीवर चढून उभा आहे, एक हात कोटाच्या मागच्या पदराखाली, दुसरा हवेत. भोवती टेबलाशी मंडळी. पहिल्या प्रकरणात नेमके हेच शब्दांत आहे, तोच खुर्चीवरचा पवित्रा, तेच दोन हात, तीच विजार आणि गेटर्स. वाचताना वाटते की लेखकाने चित्र पुढे ठेवून वाक्ये लिहिली असावीत. निदान या पानापुरता मजकूरच चित्रातून उगवला आहे. सेमूरने आधी पिकविक उंच, सडपातळ काढला होता. प्रकाशक चॅपमनने आपल्या ओळखीच्या एका लठ्ठ गृहस्थाचे वर्णन केले, आणि सेमूरने हा गोल पिकविक काढला, असे चॅपमनने नंतर सांगितले. तेव्हा शरीराची सूचना प्रकाशकाची, रेघ सेमूरची. डिकन्सने त्याला जीभ दिली, आणि पुढे फार मोठे काळीजही दिले. ते श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही आणि आमचाही तसा इरादा नाही.

दुसऱ्या अंकात पिकविक वाऱ्याने उडालेल्या हॅटमागे धावतो. हे चित्र आम्हांला सेमूरचे सर्वांत उत्तम वाटते. जाड माणसाची धावण्याची सगळी अडचण त्यात आहे. देह पुढे झुकलेला, पाय मागे राहिलेले, आणि बघ्यांना हसू. रेघ मोकळी, धावती. त्याच अंकातले दुसरे चित्र ‘मरणपंथाचा विदूषक’. कथेत मध्येच घातलेली ही एक उदास गोष्ट आहे. दारूने खंगलेला नाटकातला नट खाटेवर पडला आहे, जवळ बायको, आणि गोष्ट सांगणारा त्याचा ओळखीचा. इथे सेमूरची रेघ गच्च होते. काळोख भरून काढावा तशी तो ती भरतो. चित्र वाईट नाही, पण ज्याचा हात हसवण्यात तयार झाला त्याला हसू नको म्हणून बसवल्यासारखे दिसते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एकाच हाताने, एकाच महिन्यात काढलेली आहेत.

याच विदूषकाच्या चित्रावरून डिकन्सने १४ एप्रिल १८३६ रोजी सेमूरला पत्र लिहिले. पत्र गोड आहे. चित्र उत्तम झाले आहे, खोलीतले सामान तर झकास जमले आहे, पण माझ्या मनात होते तसे अजून नाही, तेव्हा पुन्हा एकदा काढाल तर उपकार होतील, असा त्याचा आशय. बायको जरा तरुण हवी, ही सूचना. आणि रविवारी संध्याकाळी घरी येण्याचे आमंत्रण. डिकन्सचे लग्न होऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते.

‘पुन्हा एकदा काढा’ या शब्दांचे वजन कळायला ते काम कसे होई हे माहीत हवे. पोलादी पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, तो धुराने काळा करायचा, त्यावर सुईने चित्र कोरायचे, तेही उलटे, कारण छापताना डावे उजवे होते. मग तेजाब ओतायचे. सुईने जिथे मेण काढले तिथे तेजाब पत्रा खाते. कुठे किती वेळ खाऊ द्यायचे यावर फिकट-गडद ठरते. एका चेहऱ्याचे वय कमी करायचे म्हणजे रबराने खोडून चालत नाही. बहुधा नवा पत्रा घ्यावा लागतो.

आमचे चुलते मुंबईत एका उर्दू छापखान्यात कातिब होते. ते धंद्यात आले तोवर पत्थरछपाई संपत आली होती, पण उस्तादांकडून ऐकलेल्या तिच्या गोष्टी ते सांगत. कातिब खास शाईने कागदावर सरळ लिही, ते दगडावर उलटे उतरे, आणि चूक निघालीच तर ‘संगसाज’ नावाचा वेगळा कारागीर दगडावर उलट्या अक्षरांत ती दुरुस्त करी. त्या एका माणसाची खुशामत साहेबसुद्धा करीत, असे चुलते म्हणत. शेवटच्या क्षणी मजकूर वाढला की अक्षर बारीक करा, घटला की ऐसपैस करा. वाचणाऱ्याला काही कळू नये ही अट. १९९० नंतर ‘इनपेज’ आले, नस्तालीक संगणकावर दिसू लागले, आणि चुलत्यांचा बोरू कपाटात गेला. पण एक गोष्ट होती. उर्दू किताबीत लेखकाच्या नावाबरोबर कातिबाचेही नाव छापण्याची रीत होती. कुठे तरी कोपऱ्यात का होईना, ते असे.

सेमूर रविवारी, १७ एप्रिलला, डिकन्सकडे गेला. आपली त्याच्याशी तेवढी एकच भेट, असे डिकन्स पुढे सांगतो. परतल्यावर सेमूर नव्या पत्र्यावर बसला. २० एप्रिलला त्याने इस्लिंग्टनमधल्या आपल्या घराच्या बागेत जीव दिला. वय चाळिशीच्या आत. मागे बायको आणि दोन मुले. कुणालाही दोष देऊ नये, असे तो लिहून गेला. तेव्हा आम्हीही देत नाही. त्याची प्रकृती आधीही एकदा बिघडली होती, आधी पैसे बुडाले होते, अपमानही पचवला होता. एका पत्राने माणूस मरतो असे म्हणणे पत्रावरही अन्याय आणि मरणाऱ्यावरही. परंतु त्या पत्राने त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती, की हे काम आता तुमचे राहिलेले नाही.

इथे आमची एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाही तर हे लिहिण्याचा आम्हांला हक्क नाही. काही वर्षांपूर्वी शाळेच्या वार्षिकांकाचे काम आमच्या गळ्यात पडले. मोहल्ल्यातच एक तरुण होता, आमचाच जुना विद्यार्थी, लग्नपत्रिकांपासून पुस्तकांच्या मुखपृष्ठापर्यंत मिळेल ते चित्राचे काम घरी बसून करणारा. त्याला मुखपृष्ठ आणि आतली सहा चित्रे सांगितली, मुदत दिली चार दिवसांची. मजकूर काही दिला नाही, कारण मजकूर आमच्याकडेच आला नव्हता. त्याने मुखपृष्ठ आणले. आम्ही म्हणालो, फार छान, पण मुलीच्या हातात पुस्तकाऐवजी संगणक हवा. त्याने बदलले. मग सदर मुदर्रिसांनी पाहिले आणि मागची इमारत शाळेसारखी दिसत नाही म्हणाले. ती बदलली. मग संस्थेच्या एका सदस्यांना रंग फार वाटला. प्रत्येक वेळी आम्ही ‘फार छान’ पासूनच सुरुवात करीत होतो. शेवटच्या रात्री दोन वाजता त्याने फाइल पाठवली. अंक निघाला. त्याचे पैसे पुढल्या सत्रात निघाले. आणि अंकात त्याचे नाव कुठेही नव्हते. विसरलो, असे आम्ही त्याला सांगितले, आणि ते खरे होते. डिकन्सचे ते पत्र वाचताना आम्हांला आमचा स्वतःचा आवाज ऐकू आला, तोच गोडवा, तेच ‘पण’.

सेमूर गेल्यावर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दुसरा अंक चार चित्रांऐवजी तीन चित्रांनी आणि खुलाशासह निघाला. पुढच्यासाठी रॉबर्ट बस नावाचा चित्रकार आणला. तो तैलचित्रे करी, पोलादी पत्र्यावर कोरण्याची विद्या त्याला येत नव्हती. त्याने तसे सांगितले, सवलत देऊ असे त्याला सांगण्यात आले, त्याने रात्रंदिवस सराव केला, शेवटी वेळ संपली म्हणून चित्र आपले पण कोरणारा दुसरा, असे करून दोन पत्रे दिले. ते निर्जीव उतरले आणि त्याला काढून टाकले. नंतरच्या छपाईत त्याची चित्रेही काढून टाकली. मग आला हॅब्लट ब्राउन, विशीतला मुलगा. त्याने पहिल्या चित्रांवर सही केली ‘नीमो’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘कुणी नाही’. नंतर ‘बॉझ’शी जुळणारे ‘फिझ’ हे नाव घेतले. चित्रे महिन्याला चाराची दोन झाली, मजकूर चोवीस पानांचा बत्तीस पाने झाला. चौथ्या अंकात सॅम वेलर अवतरला, खप चढू लागला, तो काही शेकड्यांवरून अखेरीस चाळीस हजारांवर गेला. इतक्या प्रती एका पत्र्यावर निघेनात, तेव्हा फिझला तेच चित्र दोन-दोन पत्र्यांवर कोरावे लागे. मुदत तीच, काम दुप्पट.

समीक्षक सामान्यतः इथे सुटकेचा श्वास टाकतात. सेमूर हटवादी, बस अडाणी, फिझ आदर्श, कारण तो लेखकाला समजून घेणारा. आम्हांला हे अर्धेच पटते. फिझ चित्रकार म्हणून सेमूरपेक्षा मोठा, याविषयी वाद नको. त्याची गर्दीची चित्रे, कोपऱ्यातल्या बारीक वस्तूंतून मजकुरावर केलेली टीका, हे सेमूरला साधले नसते. पण तो ‘समजून घेणारा’ म्हणजे काय? डिकन्सचा मजकूर अनेकदा पुरा व्हायचा असे, तोवर तोंडी किंवा चिठ्ठीने सांगितलेल्या प्रसंगावर त्याला चित्र उभे करावे लागे. ते त्याने सुमारे तेवीस वर्षे केले. १८५९ च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’नंतर डिकन्सने त्याला पुन्हा बोलावले नाही. ज्याने सहीच ‘कुणी नाही’ अशी सुरू केली होती, त्याला हे फार अनपेक्षित नसावे.

मुदतीने साहित्य बिघडते, असा एक लाडका समज आहे. ‘पिकविक’ त्याच्या उलट साक्ष देतो. दर महिन्याच्या तगाद्यातून ही कादंबरी वाढली, चुकत चुकत सापडत गेली, आणि म्हणूनच तिच्यात तो चालता-बोलता ताजेपणा आहे. सरशारांचेही तेच. ‘फसाना’ घाईत लिहिला गेला हे त्याच्या विस्कळीतपणातून दिसते आणि त्याच्या बोलीच्या झऱ्यातूनही दिसते. मुदत सर्वांना होती. फरक पडतो तो ती कोण मोडू शकतो यात. मे १८३७ मध्ये डिकन्सची तरुण मेहुणी मेरी हॉगार्थ वारली. तो इतका कोसळला की जूनचा अंक निघालाच नाही. हजारो वाचक थांबले, प्रकाशकही थांबले, आणि थांबायलाच हवे होते. आम्ही हे डिकन्सच्या विरोधात मांडत नाही. ‘पुन्हा काढा’ म्हणणारे पत्र आले तेव्हा सेमूरला तसाच एक महिना मागता आला असता का, एवढेच मनात येते.

डिकन्सने मात्र पुढे हात आखडता घेतला. सेमूरच्या विधवेने कादंबरीच्या उगमाविषयी एक पत्रक छापून दाद मागितली. १८६७ च्या प्रस्तावनेत डिकन्सने ठणकावले की या पुस्तकातला एकही प्रसंग, एकही शब्द सेमूरने सुचवलेला नाही. शब्दाविषयी ते खरे असेल. पण पिकविक काय नुसत्या शब्दांचा आहे? ज्याच्या कादंबऱ्यांत गरिबाच्या हक्काची इतकी कळकळ, त्याने या एका गरिबाचा हिशेब असा काटेकोर करावा, हे आम्हांला टोचते. त्याच्यावरचे आमचे प्रेम त्यामुळे कमी झाले असे नाही. अब्बांची एखादी गोष्ट न पटल्यावर जसे होते तसे काहीसे होते.

आणि एक विलक्षण गोष्ट आमच्या नजरेस फार उशिरा आली. मासिक अंकांचे हिरवे वेष्टन सेमूरने काढले होते. वर विंकल एका चिमुकल्या पाखरावर बंदूक रोखून आहे, खाली पिकविक होडीत गळ टाकून झोपी गेलेला, कडेने गळ आणि बंदुका. कथा पुढे सरकली. निवडणुका आल्या, कोर्टातला खटला आला, पिकविक कर्जदारांच्या तुरुंगात गेला, तिथली उपासमार त्याने पाहिली. शिकार केव्हाच मागे पडली होती. तरी नोव्हेंबर १८३७ च्या शेवटच्या अंकापर्यंत वाचकाच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक अंकाला तेच वेष्टन होते. तुरुंगाचे प्रकरण उघडण्याआधी वाचक दर महिन्याला त्या झोपलेल्या मासेमाराला पाहत होता. पुस्तक बांधले की वेष्टन फाडून टाकीत. आमच्या हातगाडीवरच्या प्रतीत ते नाही. आम्ही त्याचे छायाचित्रच पाहिले आहे.

अलीकडे सेमूरची आठवण थोडी जागी झाली आहे. त्याचा हरवलेला थडग्याचा दगड सापडला आणि २०१० मध्ये लंडनच्या डिकन्स संग्रहालयात ठेवला गेला. तो शोधणाऱ्या स्टीफन जार्व्हिसची ‘डेथ अँड मिस्टर पिकविक’ ही कादंबरी २०१५ मध्ये आली. ती सेमूरची बाजू घेते, कधी कधी फारच घेते. त्याच संग्रहालयात एक अपुरे चित्र आहे. डिकन्स आपल्या खोलीत खुर्चीवर डोळे मिटून बसला आहे आणि हवेत त्याची सगळी पात्रे तरंगताहेत. काहींत रंग भरला आहे, बाकीची नुसत्या रेघांत. ते रॉबर्ट बसने काढले, तोच तो काढून टाकलेला. डिकन्स गेल्यानंतर त्याने ते घेतले, स्वतः मरेपर्यंत, १८७५ पर्यंत, त्यावर काम करीत होता. त्याला कुणी मुदत दिलेली नव्हती.

यंदा वार्षिकांकाचे काम पुन्हा आमच्याकडे आले आहे. त्या मुलाला फोन केला. आता तो दोन-तीन प्रकाशकांची कामे करतो, त्याला फुरसत नसते. मागच्या खेपेच्या नावाचे आम्ही काढले, तर तो हसून विषय बदलून गेला. मग म्हणाला, “सर, इस बार मॅटर पहले मिलेगा ना?” आम्ही हो म्हटले आहे. नऊ शिक्षकांकडून लेख यायचे आहेत. आजवर दोन आले.